रक्त आलंय का? आग लागलीय का?

पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये मी गेली नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला, आहे. काम सोपं. पेटीतला द्राक्षाचा घड देठाला धरून उचलायचा, फिरवायचा आणि डाग शोधायचा. माल त्याच दिवशी गार करून कंटेनरमध्ये चढतो आणि निघून जातो. मागे राहतात ते कात्रीनं खराब मणी काढणाऱ्या साठ बायकांनी सांगितलेले आपापल्या पोरांचे किस्से. त्यांना परदेशात गिऱ्हाईक नाही, म्हणून ते दर सीझनला साठतच जातात.

त्यात देवाची करणी अशी, की द्राक्षांचा सीझन आणि परीक्षांचा सीझन एकच. पोरगं दहावीला बसलं की आईनं घरी असावं, असं जो तो सांगतो. आम्ही नेमक्या तेव्हाच डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावून इथे उभ्या असतो. बाकीचे आठ महिने घरीच असतो, तेव्हा पोरांना आमची काडीची गरज नसते!

*

आत मोबाइल चालत नाही. बांगड्या, टिकली, मोबाइल सगळं गेटवर ट्रेमध्ये जमा करायचं. घरचा काही निरोप असेल तर ऑफिसात एक लँडलाइन फोन आहे. तो उचलतात आमचे क्लार्क बोरस्तेभाऊ. ते काचेच्या दारातून नाव पुकारतात. फोन वाजला की साठही जणींच्या कात्र्या थांबतात, आणि नाव ऐकू येईपर्यंत प्रत्येकीच्या मनात एक अपघात होऊन गेलेला असतो.

सुरुवातीला पोरं कशासाठीही फोन करायची. आई, मीठ कुठंय? आई, दादा चार्जर देत नाही. आई, मी झोपू का? शेवटी बोरस्तेभाऊंनी नियम केला. फोन उचलला की दोनच प्रश्न. "रक्त आलंय का? आग लागलीय का?" दोन्हीला 'नाही' आलं, की "मग संध्याकाळी आईला घरी विचार," आणि फोन खाली.

वर एक रजिस्टर केलं. नाव, वेळ, कारण आणि शेवटचा रकाना 'तातडी'. त्या रकान्यात त्यांनी 'नाही' सोडून दुसरं काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एका पोराचा हात मोडून रक्त आलं, तेव्हा त्याच्या आईला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर रजिस्टरमध्ये मात्र 'नाही'च लिहिलं. म्हणाले, "मोडला तो मोडला. आता प्लास्टरच घालायचंय ना?"

*

त्यांच्या नियमाला पहिला अपवाद झाला, तो मंगलताईच्या ओंकारचा. मंगलताई आमच्या लाइनवरची सगळ्यात जुनी बाई, ओंकार तेव्हा दहावीत. त्यानं फोन केला. भाऊंनी दोन्ही प्रश्न विचारले. रक्त नाही, आग नाही. पण सराव परीक्षेचे मार्क मिळाले होते, आणि आईनं विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असा त्यानं विचार केला होता. भाऊंनी विचारलं, गणितात किती?

मग त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, दार उघडलं आणि म्हणाले, "मंगलताई, या. आग लागलीय."

बाई धावत गेल्या. फोनवर आकडा ऐकला. परत येऊन कात्री हातात घेतली. मग म्हणाल्या, "त्यापरीस खरी लागली असती तं बरं झालं असतं. इझवता तरी आली असती."

*

दुसऱ्या दिवशी मंगलताईच्या टिफिनच्या पिशवीत वायफायचा डबा निघाला. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, हे काय? मंगलताई म्हणाल्या, पोरगं दहावीला हाय. त्यानं मुकाट्यानं डबा ट्रेमध्ये ठेवून घेतला.

अशा युक्त्या लाइनवर वाऱ्यासारख्या पसरतात. आठवड्याभरात ट्रेमध्ये तीन वायफायचे डबे, सात टीव्हीचे रिमोट आणि एक कॅरमचा स्ट्रायकर. आम्ही सगळ्या निर्धास्त. घरी पोरं नुसती अभ्यास करत असणार!

एका संध्याकाळी बसच्या घाईत रिमोटची अदलाबदल झाली. मंगलताईशेजारी काम करणारी सुनंदा भलताच रिमोट घेऊन घरी गेली. तो काही केल्या चालेना. तिची प्रणाली नववीत. तिनं आईच्या हातातून तो हळूच काढून घेतला आणि स्वतःच्या मोबाइलवर बोट फिरवून टीव्ही लावून दिला. रिमोट जायला लागला त्या दिवसापासून ती टीव्ही मोबाइलवरूनच लावत होती.

"मग मला सांगितलं का नाय?" सुनंदानं विचारलं.

"तुला बरं वाटत होतं ना," प्रणाली म्हणाली.

*

मालकांच्या मनात आलं, की आमच्यासाठी एक व्याख्यान ठेवावं. नाशिकहून एक समुपदेशक मॅडम आल्या. विषय होता, वाढत्या मुलांचे चांगले पालक कसे व्हावे. मॅडम गोड बोलल्या. त्यांचं एक वाक्य सगळ्यांनी पाठ केलं. रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसा. काही विचारू नका, सल्ला देऊ नका, नुसत्या असा.

सुनंदा आज्ञाधारक. त्याच संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, गॅस बंद करून प्रणालीजवळ जाऊन बसली. बोलली नाही. अभ्यास विचारला नाही. मोबाइलबद्दल ओरडली नाही. मांडीवर हात ठेवून पोरीकडे मायेनं बघत राहिली. दोन मिनिटांत प्रणालीनं पेन खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक.

"आई," ती म्हणाली, "आजी गेली का गं?"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मला आठवलं, मी तर अजून करूनही पाहिलेलं नव्हतं.

*

आता माझं सांगते. माझी केतकी यंदा दहावीला. आम्ही नाशिकला आडगाव नाक्याजवळ राहतो. नवरा सुरतेला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. मी सकाळी कंपनीच्या बसनं निघते, संध्याकाळी परतते. मधल्या वेळात घर तिचं.

दिवाळीआधी तिनं चाचणीचा पेपर आणून दिला होता. चाळीसपैकी चौतीस. मी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हे सहा कुठे गेले?"

तिनं पेपर माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "आई, तू घरी पण क्यूसीच करतेस. माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा तू डागच शोधत असतेस."

मी तेव्हा म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच ना. तिनं मान हलवली. त्यानंतर ती भांडली नाही, रुसली नाही. फक्त तिची उत्तरं तीन उरली. हो, नाही आणि बघते. पोरगी काही मागेना, काही विचारेना, कशाबद्दल कुरकुर करेना. नातेवाईक म्हणाले, किती शहाणी झाली! मला मात्र भीती वाटायला लागली. इतर बायकांच्या घरून फालतू फोन यायचे, भाऊ ते कापायचे, आणि मला त्या बायकांचा हेवा वाटायचा. सबंध सीझनभर माझ्या नावाची हाक एकदाही आली नव्हती.

*

भूमितीचा पेपर होता. बोर्डाचं टाइमटेबल ऑफिसात कंटेनरच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेलंच असतं. अकरा वाजता लाइन गप्प झाली. यंदा पाच जणींची पोरं दहावीला होती. त्या दोन तासांत मी डाग असलेले तीन घड पास केले, आणि ते मंगलताईनं माझ्या नजरेला आणून दिले.

एक वाजून गेला. दीड झाला. पावणेदोनला फोन वाजला. कात्र्या थांबल्या. काचेच्या दारात बोरस्तेभाऊ आले, पण त्यांनी नाव पुकारलं नाही. चालत माझ्याजवळ आले.

"दोन्ही प्रश्न विचारले," ते हळू म्हणाले. "पोरगी नुसती हुंदके देतेय, बोलत नाय. दहावीला पोरगी एक तुमचीच, म्हणजे तुमचीच वाटते."

मी गेले. रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास येत होता, आणि नाक ओढल्याचा आवाज. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पेपर कसा गेला? काय राहिलं? कितीचं? ते मी कसं गिळलं, माझं मला माहीत. काचेतून मला मंगलताई दिसत होत्या. सुनंदा दिसत होती. घड पुढे नेणारा पट्टा थांबला होता.

मी म्हटलं, "मी आहे इथे." आणि गप्प बसले.

घड्याळात बघितलं नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला. बसलेला, जाडसर.

"आई."

"हं."

"मीठ कुठंय?"

आमच्या घरात मीठ पंधरा वर्षं एकाच जागी आहे.

"गॅसच्या डाव्या हाताला," मी म्हटलं. "निळ्या झाकणाची बरणी."

"हं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.

सगळं झाल्यावर रिसीव्हर जागेवर ठेवला, तेव्हा बोरस्तेभाऊ रजिस्टर उघडून बसले होते. म्हणाले, कारण काय लिहू?

"मीठ सापडत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. खाली मान घालून लिहिलं आणि वही सहीसाठी माझ्याकडे फिरवली. नाव होतं, वेळ होती, मीठ होतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आहे'.