पुलावरचा नमस्कार

दोन हजार चारच्या सुमाराला आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात राहत होतो. गावात बस नाही, रिक्षा तर नाहीच. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला की मी घरात कोंडलेली. साधी कोथिंबीर आणायची तरी शनिवारची वाट बघायची, वर त्याचा मूडही सांभाळायचा. पुण्यात स्कूटर उडवत फिरलेल्या बाईला हे किती झोंबत असेल! मला लायसन्स हवं म्हणजे हवंच होतं.

टेस्टला लायसन्सवालं माणूस बरोबर लागतं, म्हणून नवरा मागे बसला. माझ्या शेजारी परीक्षक बाई, साठीच्या, चेहरा इस्त्री केल्यासारखा. वळणं झाली, पार्किंग झालं. मग नदीवरचा नवाकोरा पूल आला, चार लेनचा, गुळगुळीत. आता, नदी दिसली की हात जोडायचे, हे आमच्याकडे लहानपणापासून. एसटी पुलावर आली की आई कोपराने ढोसायची. मेंदूला विचारतंय कोण! माझे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून छातीशी गेले.

बाईंनी झडप घालून स्टिअरिंग धरलं आणि आधारासाठी मागे पाहिलं. मागे आमचे हे, डोळे मिटून, हात जोडून बसलेले. त्या बिचारीला वाटलं, आता सगळ्यांचाच शेवट आला.

उतरल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, नदी आमच्याकडे आईसारखी वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नापास केलं. घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी भांडले, तू तरी कशाला जोडलेस म्हणून. सवय, म्हणाला. मग मात्र मला जे रडू आलं ते थांबेचना.

पुढच्या टेस्टला पुन्हा त्याच बाई. नवऱ्याला दम भरून ठेवला होता, हात मांडीखाली घालून बस. पूल जवळ आला तसे माझे हात शिवशिवायला लागले. नमस्कार न करता जायचं तर जिवाला लागत होतं, आणि केला तर पुन्हा घरात कोंडून घ्यायचं. बाईंनी हातातली फाईल मांडीवर ठेवली.

"तू स्टिअरिंग सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "ते मी करते."

आणि नदीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. बोटं वेडीवाकडी, मध्ये पेन अडकलेलं. मला समोरचं धूसर दिसायला लागलं, पण डोळे पुसायलासुद्धा मी स्टिअरिंग सोडलं नाही.