पहिल्या मालकाचा करारनामा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मैत्रिणीजवळ नाही, भावाजवळ नाही. दोनदा वहीत लिहायला घेतलं आणि पान फाडून टाकलं. आज फाडायचं नाही असं ठरवून बसलेय — तरी सुरुवात कुठून करू?

घर विकायचं ठरलं तिथून करते. नेरूळचं आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पप्पा पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दिवसभर उभ्याने काम करतात, गुडघे गेले. म्हणून उलव्याला तळमजल्यावरचं घर बघितलं आणि हे विकायला काढलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. त्यांच्या बँकेने कागद मागितले — आमचा करारनामा, आणि आम्ही ज्यांच्याकडून घर घेतलं त्या पहिल्या मालकाचा मूळ करारनामासुद्धा. आमचा पप्पांच्या कपाटात होता. पहिल्या मालकाचा मात्र सापडेना.

सगळं घर उचकलं. माळा, दिवाण, गणपतीच्या सजावटीचे खोके. आणि शोधण्यात सगळ्यात पुढे कोण? मी. एकेक गोधडी झटकून बघत होते — त्यात काही नाही हे ठाऊक असताना.

ठाऊक होतं, कारण...

थांबा, आधी आईचं सांगते. तिला वाचता येत नाही. मी सहावीत असल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो — लाइट बिल, सोसायटीची नोटीस, डॉक्टरांची चिठ्ठी. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझा शब्द म्हणजे शेवटचा.

घर विकायला काढलं त्याच्या आदल्या दिवाळीत आई माळा आवरत होती. एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. "ह्ये कामाचं हाय का बघ गं." आत पिन मारलेले इंग्रजी कागद, शिक्के, कुणा परक्या माणसाचं नाव. मी पहिलं वाक्य वाचलं. ते अर्ध्या पानापर्यंत संपतच नव्हतं. पुन्हा वाचलं — कळलं नाही. सेकंड इयरला होते मी, आणि मला कळलं नाही. एवढंच सांगायचं होतं ना? ते सांगायची मला लाज वाटली. म्हणाले, "दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. टाक."

आई पिशवी धरून उभीच. "पप्पास्नी इचारू का येकदा?"

"मग मला कशाला विचारतेस? कॉलेजात काय झोपा काढायला जाते मी?"

ती हसली. पिशवी रद्दीत गेली.

आता करारनामा सापडेना तेव्हा गिऱ्हाइकाच्या देखत पप्पा तिच्यावर ओरडले, "अक्षर कळत नाही तर कागदाला हात कशाला लावतेस?" आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माज्याच हातनं गेलं आसंल." तिला आठवत होतं का? की खरंच स्वतःवरच संशय आला तिला? मी पुन्हा गोधड्यांकडे वळले.

इथेच संपलं असतं तर — पण नाही. वकील म्हणाले, पोलिसांत तक्रार द्या, पेपरात नोटीस देऊ, मग नोंदणी कार्यालयातून नक्कल काढू. घर आई-पप्पा दोघांच्या नावावर, आणि कागद आईच्या हातून गेलेला, म्हणून तक्रारीचा अर्ज तिच्या नावाने करायचा ठरला. लिहिणार अर्थात मी. मी लिहिलं — 'मला लिहितावाचता येत नसल्यामुळे माझ्या हातून सदर करारनामा रद्दीत गेला.' तसं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. 'गहाळ झाला' एवढं पुरलं असतं. मग का लिहिलं? एकदा कागदावर आलं की पुन्हा कुणी विचारणार नाही, म्हणून. हे लिहिताना मला माहीत होतं. अक्षर मात्र सुंदर काढलं होतं.

"वाच की, काय लिवलंस," आई म्हणाली.

मी वाचून दाखवलं. 'लिहितावाचता येत नसल्यामुळे' एवढं गाळून. तिने मान हलवली आणि सही केली. सही मीच शिकवलेली — वत्सलामधल्या 'त्स'वर तिचा हात अजून अडखळतो.

नक्कल मिळाली. गिऱ्हाईक थांबलं होतं, व्यवहार झाला. आम्ही उलव्याला आलो. आई आता कुठलाच कागद टाकत नाही. औषधाच्या खोक्यातली घडीसुद्धा नाही, जुन्या लग्नपत्रिकासुद्धा नाहीत. आणि मला विचारतही नाही.

नव्या घराची नोंदणी झाली त्या दिवशी काका-काकू आले होते. सगळ्यांसमोर पप्पांनी घराच्या कागदांची फाईल माझ्या हातात दिली. "हिच्याजवळ राहू दे. शिकलेली आहे, जपून ठेवेल." आईने कपाटातल्या स्वतःच्या साड्या बाजूला सारून जागा करून दिली.

मी फाईल तिथे ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे.