बर्नाडीनचे नव्याण्णव

पोर्ट ऑल्डनमध्ये विलो स्ट्रीट दोन आहेत. एक कोर्टाची विलो, नदीच्या अलीकडे. दुसरी बर्फाची विलो, पलीकडे, जिथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. पलीकडचा भाग म्हणजे आधी पोलिश लोकांचं वेगळं गाव. त्रेपन्न साली शहराने ते गिळलं, पण रस्त्यांची नावं बदलायचं कुणाला सुचलं नाही. असे सोळा रस्ते जुळे झाले. घरांचे नंबरसुद्धा तेच. पत्र चुकलं तर पोस्टमन दोन शिव्या हासडून ते पलीकडे नेऊन टाकतो. बंब चुकला तर?

ते बर्नाडीन स्कोव्रोनला विचारा. सत्तावन्न साली तिच्या बापाच्या घराला आग लागली. ११४ विलो, बर्फाची. बंब कोर्टाच्या ११४ समोर जाऊन उभा राहिला. तिथे एक वकील साबण लावून दाढी करत होता, त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं?" तोवर पलीकडे म्हातारा जिन्यात संपला होता.

चार वर्षांनी बर्नाडीन सिटी हॉलच्या तळघरात, कॉम्प्युटर खात्यात, कार्डं पंच करायला लागली. तिथेच मला भेटली. मी थेडा लिंडक्विस्ट, पासष्ट साली लागले आणि तिच्या शेजारच्या मशीनवर तेरा वर्षं बसले. बुटकी, दणकट, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि तळघरातल्या गारठ्यामुळे जुलैमध्येसुद्धा अंगात स्वेटर. तोंड असं की भल्याभल्यांनी रस्ता बदलावा. पण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, आदल्या मंगळवारी घरून पाँचकी तळून आणायची, ते पोलिश डोनट, आणि अख्ख्या खात्याला स्वतःच्या हाताने वाढायची. कुणी नको म्हटलं तर म्हणायची, "खा गं, मेल्यावर डाएट करायला भरपूर वेळ आहे."

तिचं खरं काम वेगळंच होतं. बिलं, पगार, कुत्र्यांचे परवाने, सगळं उरकून वेळ उरला की ती शहराचे पत्ते पंच करायची. घर एक, कार्ड एक. कार्डावर शेवटचे दोन आकडे बंबाच्या ठाण्याचे, ॲम्ब्युलन्सही तिथूनच सुटायची. शहरात ठाणी सात. म्हणजे ०१ ते ०७. पण जुळ्या रस्त्यांवरच्या प्रत्येक घरापुढे बर्नाडीनने ९९ टाकले. आमचा जुना प्रोग्रॅमर एमिल याला तिने गळ घातली, आणि त्याने तशी ओळ लिहून दिली: ९९ दिसले की मशीनने थांबायचं, आणि पडद्यावर फक्त एवढंच यायचं, "माणसाला विचारा." चारशे बारा घरं. प्रत्येकाचं दार तिने शनिवार-रविवारी स्वतः जाऊन पाहिलं होतं.

"इतकं कशाला मरतेस?" मी विचारायची. "तुझ्या कार्डांवरून बंब थोडाच जातो? फोनच्या खोलीत मर्फीबाई बसलीय ना, तिला सगळं तोंडपाठ."

"मर्फीबाई काय अमरपट्टा घेऊन आलीय? एक दिवस हे सगळं मशीनवर येणार बघ. आणि मशीनला बर्फाचा कारखाना माहीत नसतो."

या कामासाठी तिने नऊ वर्षं अर्ज केले. मागणं काय, तर एक बाई. अर्धा दिवस. दर वर्षी उत्तर यायचं, तरतूद नाही. ती कागद फाडायची नाही, फाइलला लावायची. "वर गेल्यावर सेंट पीटरला दाखवीन," म्हणायची.

मग अठ्ठ्याहत्तर साली कौन्सिलने ठरवलं की आगीचे आणि ॲम्ब्युलन्सचे फोन मशीनवर घ्यायचे. आणि कॉम्प्युटर खात्याला एका ठरावात अकरा जागा मंजूर झाल्या. अकरा! नऊ वर्षं अर्धी बाई मिळेना आणि आता अकरा. मी तर टाळ्या वाजवल्या. बर्नाडीन वाजवेना.

"तुझं तोंड का उतरलं गं?"

"अकरा जण येणार. त्यातले पलीकडचे किती?"

एकही नव्हता. एप्रिलपासून ते येऊ लागले, दर सोमवारी एक-दोन. आधी खुर्ची यायची, मग माणूस. कधीकधी खुर्ची आठवडाभर आधी येऊन रिकामी बसायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि बर्नाडीन तिच्याकडे जाता-येता बघायची. मग पार्टिशनं आली. आमची एक मोठी खोली होती, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं. तिचे चौदा खण झाले. जूनपर्यंत पलीकडच्या खणात कोण खोकतंय तेही कळेना. एक जण पत्त्यांचं बघणार, एक पत्त्यांच्या तपासणीचं, एक तपासणीच्या नोंदीचं. एक ना धड भाराभर चिंध्या. विचारायला जावं तर जो तो शेजारच्या खणाकडे बोट दाखवायचा.

सगळ्यांच्या वर लायल हॉस्टेटर, राज्याच्या राजधानीतून आणलेला. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. गोड बोलायचा, सगळ्यांची नावं पहिल्याच दिवशी पाठ केली. त्याने कार्ड पंच करणाऱ्यांचं पदच रद्द केलं आणि बर्नाडीनला रस्त्यापलीकडच्या इमारतीत पार्किंगच्या दंडांवर पाठवलं. पगार तोच, उलट थोडा वाढीव. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ओरडली नाही. पेन्सिल, स्वेटर आणि आपला कार्डांचा एक ड्रॉवर खोक्यात भरला. बाकी ड्रॉवर राहिले, कारण ते खात्याचे होते.

जाताना माझा दंड धरला. बोटं रुतली अक्षरशः.

"थेडा, मशीन चालू करायच्या आधी ते ९९ मला दाखव. कुणी हात लावतंय असं कळलं तरी मला सांग. एवढं एकच."

"सांगीन गं बाई."

"देवाशप्पथ म्हण."

"देवाशप्पथ."

आता माझं ऐका. त्या अकरा जागांत एक होती सुपरवायझरची, आणि ती भरायची राहिली होती. हॉस्टेटर मला दोनदा म्हणाला होता, "थेडा, तुमच्यासारखं जुनं माणूस हवं तिथे." तेरा वर्षं मी मशीनवर पाठ मोडून घेतली होती. मला ती खुर्ची हवी होती, अगदी जीव जाईल अशी हवी होती. नाही कशाला म्हणू?

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी, हॉस्टेटरचा तपासणीवाला माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवून गेला. वर लिहिलं होतं: चुकीच्या नोंदींची दुरुस्ती. मशीन सोमवारी सुरू होणार होतं. मी पान उलटलं. विलो, विलो, विलो. नंतर एल्म. नंतर पुन्हा विलो. प्रत्येक ओळीच्या शेवटी ९९ खोडलेले आणि पुढे नवा आकडा.

मी हॉस्टेटरच्या खणात गेले. "हे काय हो?"

"कचरा," तो हसून म्हणाला. "चारशे बारा ठिकाणी कुणीतरी ९९ भरून ठेवलेत."

आता आमच्या धंद्यातलं कुणीही हेच म्हणालं असतं. माहिती नसेल तिथे ९९ भरायचे आणि पुढे जायचं, ही आमची जगभरची रीत. वय माहीत नाही? ९९. वॉर्ड माहीत नाही? ९९. बाहेरच्या माणसाने कदाचित विचारलं असतं की बाबा, हे काय आहे. आमच्यातला कशाला विचारेल? त्याला माहीत असतं.

"मुद्दाम टाकलेत ते," मी म्हणाले. "ते जुळे रस्ते आहेत."

"असं? मग लिहून कुठे ठेवलंय?"

लिहून कुठेच नव्हतं. एमिल रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला होता. बर्नाडीनच्या डोक्यात होतं.

"दुरुस्ती नीट केलीय," तो म्हणाला. "रस्त्याचं नाव जुळलं की यादीतलं त्या नावाचं पहिलं ठाणं. रिकामं तर नाही ना राहिलं? खाली सही लागेल. सुपरवायझरची. म्हणजे... तुमचीच म्हणायची, नाही का?"

आणि त्याने पेन पुढे केलं.

बर्नाडीन रस्त्यापलीकडे होती. चाळीस पावलं. मी म्हणाले स्वतःशी, उद्या सांगू. शुक्रवार नव्या खुर्चीचं प्लास्टिक काढण्यात गेला. सोमवारी केक कापला. महापौर आले, फोटो निघाला, त्यात मी दुसऱ्या रांगेत आहे. संध्याकाळी बर्नाडीन बसथांब्यावर भेटली.

"सुरू झालं म्हणे. माझे ९९ कुठायत?"

"आहेत की," मी म्हणाले.

माझ्याकडे बघतच तिने बसचे सुटे पैसे काढले. मग म्हणाली, "बरं." बस आली आणि ती चढली. तो "बरं" अजून माझ्या कानात आहे.

तीन आठवडे काहीच झालं नाही. नव्याचे नऊ दिवस सुरळीत गेले, हॉस्टेटर खूश, फोनच्या खोलीतून मर्फीबाईला निरोप देऊन झाला होता. पलीकडच्या वाटेने सायरन गेला की मी मोजायला लागायची. पूल ओलांडला की श्वास सोडायची. जेवण जाईना. नवरा म्हणाला, प्रमोशन झालं आणि वाळतेस काय?

मंगळवार, चोवीस ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"थेडा." बर्नाडीनचा आवाज, पण इतका हळू की मला आधी ओळखूच आला नाही. "मी घरून बोलतेय. कॅझ स्वयंपाकघरात पडलाय. छाती."

कॅझ तिचा नवरा. बस डेपोत मेकॅनिक होता, रिटायर झालेला. जळलेल्या घराच्याच जागी दोघांनी नवं घर बांधलं होतं, नंबर तोच.

"ॲम्ब्युलन्स..."

"केला फोन. पोरगी म्हणाली, बाई, दोन मिनिटांत पोचतेय. मी म्हटलं, बर्फाची विलो. ती म्हणाली, तसला काही पर्याय मशीनवर नाही." मग म्हणाली, "आमच्याकडे दोन मिनिटांत कुणी येत नाही गं. पाच लागतात. सहा नंबरचं ठाणं पाच मिनिटांवर आहे."

मी उठून उभी राहिले, फोन कानालाच.

"सायरन ऐकू येतोय," ती म्हणाली. "नदीच्या त्या बाजूने. थांबला आता."

मी फोन तसाच टाकून जिन्याने वर धावले. फोनच्या खोलीत त्या पोरीच्या खांद्यावरून ओरडले, "पूल ओलांडायला सांग! सहा नंबरला पाठव!" ती मशीनकडे बघत म्हणाली, "पण इथे दोन नंबर दाखवतंय." मी तिच्या हातातून माईक हिसकावला.

सहा नंबरवाले म्हणाले, मशीनवर तर दोन नंबर पोचलाय; त्यांना पटवेपर्यंत दहा मिनिटं गेली. एकूण एकोणीस मिनिटं लागली. कॅझ सोळाव्या मिनिटाला गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

मातीला मी गेले नाही, धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी नूडल्सचं कॅसरोल करून दारात उभी राहिले. तिने दार उघडलं. स्वेटर तोच.

"९९ खोडायच्या कागदावर सही कुणाची होती?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "माझी."

तिने माझ्या हातून भांडं घेतलं आणि दार लावलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेरा वर्षांत तिने मला हजार दिल्या असतील, एक तेव्हा द्यायची होती.

चौकशी झाली. अहवाल बावीस पानांचा. एकवीस पानांत कुणाचं नाव नाही. शेवटच्या पानावर शिफारस: कॉम्प्युटर खात्यात मनुष्यबळ अपुरं असून आणखी सहा जागा मंजूर कराव्यात. कौन्सिलने एकमताने मंजूर केल्या. पहिली खुर्ची कालच आली, माझ्या खणाबाहेर प्लास्टिकमध्ये उभी आहे.

माझं भांडं गेल्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या इमारतीतून शिपायाबरोबर परत आलं. घासूनपुसून लख्ख. आत एक पंच केलेलं कार्ड होतं, जुनं, कडा मऊ पडलेलं. ११४ विलो. ठाणं ९९. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: माणसाला विचारा.