मामांचा नो-हाऊ

जग निर्माण करताना ब्रह्मदेवाच्या हातून एकच चूक झाली, ती म्हणजे त्याने आमच्या हिच्या मामांना विचारलं नाही. मामा ती त्याला अजून विसरू देत नाहीत. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून, खाली वाट अडवून बसलेल्या टेम्पोकडे बघत ते म्हणतात, ‘कल्पना चांगली होती हो त्याची, पण नो-हाऊ कमी पडला.’

नो-हाऊ म्हणजे प्रत्यक्ष काम करण्याचं कसब, असं मी नवा जावई असताना एकदा सांगून पाहिलं. मामांनी मला बसवून समजावलं, की कसब मजुराकडे असतं, माहिती पुस्तकात असते आणि नो-हाऊ म्हणजे या दोघांना ‘असं नव्हे, तसं’ म्हणण्याचा अधिकार. तो मामांना कुणी दिला, हे विचारायची सोय नव्हती. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत त्यांची सगळी नोकरी गेली. लॉरीवर ओंडके चढवायचे हमालांनी, दोर आवळायचा हमालांनी, आणि मामा बाजूला उभे राहून नो-हाऊ पुरवणार. निवृत्तीनंतर हा पुरवठा चाळीकडे वळला. नळवाल्याने पान्हा काढला की मामा हजर. पळी कशी धरावी हे भटजींना मामांकडून कळलं. दादरच्या बाजारात ते एका अनोळखी बाईला भेंडी निवडायला शिकवत होते, तेव्हा माझी बायको ओळख न दाखवता पुढे निघून गेली. घरात मात्र मामांनी कधी चहासुद्धा केला नाही. गॅस मामी पेटवणार, आणि झाकण कधी ठेवायचं ते बाहेरच्या खोलीतून मामा सांगणार.

गेल्या वर्षी मामी न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात खांद्याशी मोडला. जेवणाचा डबा लागला, भांड्यांना बाई आली. अडलं ते वेणीशी. मामींचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते, आणि शेजारणीच्या हाती डोकं द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यात मामींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. ती पोर मामींनीच लहानाची मोठी केलेली. मोकळ्या केसांनी आपण मांडवात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. माझी बायको येते म्हणाली, तर मामा आडवे आले. वेणीत काय असतं, तीन पदर, त्याचा नो-हाऊ आपल्याकडे आहे म्हणाले.

सरावाच्या दिवशी आम्ही तिथेच होतो. मामांनी आधी केस भिजवले, कारण ओला दोर घट्ट बसतो. मग पाय रोवून पदर असे आवळले की मामींच्या भुवया वर चढल्या आणि दिवसभर त्या कशाचं तरी नवल वाटल्यासारख्या दिसत राहिल्या. टोकाला लॉरीची गाठ. संध्याकाळी ती काही केल्या सुटेना. शेवटी बायकोने कात्री लावली, आणि रिबिनीबरोबर वीतभर केस गेले. मामी रडल्या. ‘मला नाही जायचं आता लग्नाला,’ म्हणाल्या. मामा खाली पडलेल्या केसांकडे बघत राहिले. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन माझ्या बायकोकडे शिकायला आले. तिच्याच केसांवर सराव करायचे. ती ओरडायची, आणि ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे. लग्नाच्या दिवशी मामींची वेणी जरा डावीकडे झुकली होती खरी, पण अबोलीच्या गजऱ्याखाली खपून गेली. मांडवात कुणीतरी विचारलंच, हात मोडलाय तर वेणी कुणी घातली? ‘ह्यांनी,’ मामी म्हणाल्या, आणि या वयात चक्क लाजल्या. मामा त्या दिवशी वाढप्याला एक शब्द न बोलता जेवले.

हाड जुळलं, पण मामींचा हात आता डोक्यामागे जात नाही, आणि पुढेही जाणार नाही असं डॉक्टर म्हणतात. परवा सकाळी गेलो, तर मामी खिडकीपाशी बसलेल्या आणि मागे मामा. फणी अडली की थांबायचे, गुंता बोटांनी सोडवायचे. मी चेष्टेने म्हटलं, मामा, आम्हालाही द्या की हा नो-हाऊ. त्यांनी मान वर केली नाही.

‘सांगून नाही येत हो, जावईबापू. हातात घ्यावं लागतं.’

मामींचे केस आता विरळ झालेत, वेणी लवकर संपते. संपली की मामा ती सोडतात आणि पुन्हा घालायला घेतात. मामी डोळे मिटून बसून राहतात.