काठीतली टिकटिक

आमच्या ह्यांना धंद्यातले लोक ‘खांब’ म्हणतात. कॅमेरा हातात घेऊन एकदा उभे राहिले की तासभर हलायचे नाहीत. स्टँड नाही, टेकू नाही. लोकांना त्याचं कौतुक. मला मात्र त्या खांबाचा वैताग यायचा, कारण बाजारात जाऊ या म्हटलं तरी तो जागचा हलायचा नाही. तीस वर्षं ह्यांनी समारंभांचं शूटिंग केलं आणि तीस वर्षं मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून ते कापलं, जोडलं. स्टुडिओ म्हणजे दोनच खोल्या. पुढे पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा, मागे मी, कॉम्प्युटर आणि चहाची शेगडी. ह्यांच्या चित्राला धक्का लागलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी हे एक काठी घेऊन आले तेव्हा मला काही कळेना.

“हे काय?”

“मोनोपॉड. एका पायाचा स्टँड.”

“एका पायावर उभा राहतो?”

“नाही. धरून ठेवावा लागतो.”

“म्हणजे स्टँडला आधार तुम्ही देणार? मग तो काय करणार?”

“अगं, आपले दोन पाय आणि ह्याचा एक, असे तीन होतात. आताशा खांदा भरून येतो माझा.”

खांद्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण वय कुणाला चुकलंय?

काठीपाठोपाठ तिची पिलावळ आली. आधी खाली लावायचे तीन छोटे पाय, उघडले की थेट कोंबडीचा पंजा. मग कॅमेरा पुढेमागे झुकवायचं हेड. मग कमरेला बांधायचा पट्टा, त्याला एक पिशवी आणि पिशवीत काठीचं टोक. दुकानदाराने बजावलं होतं की छोटे पाय नुसते तोल धरायला आहेत, हात सोडायचा नाही. हे दुसऱ्याच दिवशी हात सोडून चहा घ्यायला वळले. काठी सावकाश ओणवी झाली आणि कॅमेरा मी मांडीवर झेलला.

“एक मोठा, तीन छोटे, चार पाय झाले की हो!” मी ओरडले. “तरी उभी राहत नाही? ह्यापेक्षा आपलं स्टूल बरं!”

एरवी ह्यांनी मला सुनावलं असतं. त्या दिवशी नुसते काठीकडे बघत राहिले.

आणि मग टिकटिक सुरू झाली.

संगीतशाळेच्या बाईंचे कार्यक्रम हे पहिल्यापासून करतात. तिथल्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या मधली वाट इतकी अरुंद की तीन पायांचा मोठा स्टँड लावायला मनाई आहे. बाईंनी मागच्या महिन्यातलं रेकॉर्डिंग परत पाठवलं आणि स्वतःही आल्या.

“चित्र छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण व्हायोलिनच्या मागे चिमणी दाणे टिपल्यासारखा आवाज येतोय. रविवारी वार्षिक कार्यक्रम आहे. तेव्हाही असंच झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नका.”

ह्यांनी मान डोलावली आणि पांढऱ्या पडद्याची सुरकुती काढत बसले. आताशा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, समारंभाचं असं हे एकच काम उरलं होतं. ते गेलं की हे दिवसभर ‘हनुवटी वर, हनुवटी खाली’ करत बसणार. खांबाचं असं बुजगावणं झालेलं मला बघवलं नसतं.

मी हेडफोन लावून ऐकायला बसले. टिक. टिकटिक. मध्येच काही नाही, मग पुन्हा टिकटिक. ना ताल, ना ठेका. आधी मला वाटलं, आपल्याच खोलीतलं घड्याळ. त्याचा सेल काढला. दोन दिवस आमच्याकडे पावणेचारच वाजले होते आणि टिकटिक चालूच. मग हॉलच्या पंख्यावर संशय घेतला, मग पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बुटांवर. ह्यांनी काठीच्या टोकाला रबर बसवलं, हेडच्या स्क्रूला तेल दिलं. डोकं पार चक्रावलं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज नव्हता. मग काठीतच भूत शिरलं की काय?

बुधवारी दुपारी मी चंगच बांधला. ह्यांना पांढऱ्या पडद्यासमोर काठी घेऊन उभं केलं, कॅमेऱ्याला हेडफोन जोडून कानाला लावले.

“पाय काढा.”

पाय काढले. टिकटिक.

“हेडला चिकटपट्टी लावा.” लावली. टिकटिक. पट्टा सोडला. टिकटिक. सोडायला आणखी काही राहिलं नाही. नुसती काठी, वर कॅमेरा आणि मागे हे, एक डोळा मिटून, खांबासारखे. मी ह्यांच्या पायांपासून वर बघत आले.

डाव्या हाताने काठी वरच्या अंगाला धरली होती. त्या हातात मी लग्नात घातलेली अंगठी होती आणि ती काठीच्या नळीवर आपटत होती. टिक. टिकटिक.

चोर सापडला म्हणून मला आधी हसूच फुटलं. मग लक्षात आलं की अंगठी आपली आपण कशी हलेल? हात कापत होता.

“सापडलं काही?” ह्यांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं.

सांगितलं तर रविवारी हा माणूस उभा राहील का? नाही सांगितलं तर मी बायको कसली? “स्क्रू ढिला आहे कुठला तरी,” मी म्हणाले. “आणि ती अंगठी काढून द्या जरा. काळी पडलीय, उजळून आणते.”

ह्यांनी ती लगेच काढून दिली. कधी नाही ते, एकही उलटा प्रश्न विचारला नाही.

रविवारी मी मागच्या रांगेत बसले होते. मुलं काय वाजवत होती कोण जाणे, मी फक्त तो डावा हात बघत होते. सोमवारी सकाळी रेकॉर्डिंग ऐकलं. टिकटिक नाही. चित्र स्थिर, कारण काठी आपलं काम चोख करत होती. बाईंचा फोन आला, पुढच्या कार्यक्रमाची तारीखही देऊन टाकली. मी खूश व्हायचं की रडायचं, मला ठरवता येईना.

हे चहा घेऊन माझ्या टेबलाशी बसले. कप अर्धाच भरला होता. गेले दोन महिने हे कप अर्धाच भरत होते आणि मी समजत होते, चहा कमी केलाय.

“तुला कधी कळलं?” ह्यांनी विचारलं.

“बुधवारी. तुम्हाला?”

“काठी घेतली त्याच्या आधीच. पण आवाज त्याचा आहे हे नव्हतं कळलं.”

“मग खांदा खांदा काय लावलं होतं?”

“खांब म्हणतात गं मला,” हे म्हणाले. “तुला काय सांगणार होतो?”

मला भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर माया. “उद्या डॉक्टरकडे जायचं,” मी म्हणाले. “खांब नाही म्हणाला तर ओढत नेईन.” हे हो म्हणाले. मग मी ड्रॉवरमधली अंगठी काढून ह्यांच्या बोटात पुन्हा घातली. हाताला हात लावून ठेवावा असं फार वाटलं, पण ठेवला नाही. ह्यांनी हात टेबलावर टेकवला आणि आम्ही दोघं मिळून ती टिकटिक ऐकत बसलो.