पायाच्या खड्ड्यातलं काळीज

चहा गोड कमी झालाय का? मग माझा मूर्खपणा ऐका, तेवढीच कसर भरून निघेल.

तर आमचे शेजारी गुरुजी. थेरगावात आमची दारं समोरासमोर. शाळेतून रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. एकदा म्हणाले, "हाडं, दात यांचा दगड होतो. काळीज, आतडी आधीच कुजतात. मऊ अवयवांचा जीवाश्म होत नाही."

मी सातवी नापास. पण गप्प बसलो तर दिवस कसा जायचा? म्हटलं, "होतो."

"कशावरून?"

"आमच्या फोरमनच्या काळजाचा झालेला पाहिलाय."

झालं. रोज हाच वाद. माणसाला संडासला जायची चोरी, दारातच गाठायचे. शेवटी ठरवलं, यांना एक काळीज काढूनच द्यायचं.

मी जन्मभर फाउंड्रीत कोअर बनवले. कोअर म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो कडक वाळूचा गोळा. पंपाचा कोअर बघितलात तर शपथेवर सांगाल, बैलाचं काळीज आहे. फुगीर पोट, वर दोन नळ्या. जुना एक घरी पडला होता. तो धुरावर धरून काळा केला. चाकणकडं मुलाच्या घराचा पाया खणत होते, तिथं संध्याकाळी एका खड्ड्यात पुरून आलो. सकाळी गुरुजींना म्हटलं, "चला, बांधकाम दाखवतो."

गुरुजींना वाटेत उसाचा रस हवा झाला. तेवढ्यात मिस्त्रीचं फावडं आधी पोचलं.

आम्ही गेलो तर काम बंद. दत्तू मिस्त्री चपला काढून उभा. आमची मंडळी डबा घेऊन पुढं आली होती, तिनं त्या गोळ्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं होतं.

"काका, काळीज हाय," दत्तू म्हणाला.

काम थांबलेलं बघून मी थट्टा सोडली. "कोअर आहे तो. वाळूचा."

"मग नळ्या कशाला?"

"पंपात पाणी जायला वाट राहते त्यानं."

"तेच की. काळजातनं रगत जातंय."

इतक्यात गुरुजी चष्मा पुसत खड्ड्यात उतरले. बराच वेळ बघून वर आले.

"पटकन गाळात गाडलं गेलं, हवा लागली नाही, तर क्वचित मऊ भागाचाही दगड होतो. मी चुकलो. तुमचं बरोबर होतं."

बघा, जन्मात पहिल्यांदा कुणी शिकलेला माणूस मला बरोबर म्हणाला, आणि तेच मला नको होतं.

"गुरुजी, होत नाही हो. कुजतं."

"होतं."

"नाही होत. तुम्हीच सांगितलं ना?"

त्यात मुलाचा कंपनीतून फोन. "बाबा, दुपारी काँक्रीटची गाडी येतेय. खड्डे तयार आहेत ना?" गाडी परत गेली असती तर दत्तू दुसऱ्या दिवसापासून देहूरोडच्या कामावर जाणार होता. मग पावसाळाभर पोराचं घर म्हणजे नुसते खड्डे.

मी सगळ्यांपुढं कबूल केलं, मीच पुरलाय. बायको म्हणाली, "यांचं ऐकू नका. हे कधी खरं बोलले असते तर मला आवाजावरून कळलं नसतं का?"

डोकं फिरलं. हातोडा उचलला आणि गोळा फोडला. "बघा, वाळू."

आतून गंजकी तार निघाली. कोअर मोडू नये म्हणून आम्ही घालायचो ती.

"शीर," दत्तू हळूच म्हणाला.

गुरुजींनी तार बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि गालात हसले. म्हणाले, "दत्तू, लोखंडाची तार आहे." दत्तूला ते लगेच पटलं. मी मघापासून घसा फोडत होतो, तो काय भाजी विकत होतो?

"तार आसंल," दत्तू म्हणाला, "पर त्या खड्ड्यात मी न्हाई उतरणार. ज्यानं पुरलं त्यानं खणावं."

या वयात भर उन्हात कुदळ मारली राव. काठावर गुरुजी खुर्चीत, डोक्यावर छत्री, आणि तोंडात जीवाश्म. गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा तळ गाठत आला होता. शेवटचा घाव घातला तर एक काळा गोळा निघाला. गोलसर, वर दोन भोकं. उलटून पाहिला. दगडच. इथल्या जमिनीत दुसरं काय निघणार?

दगडच होता. तरी कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो बाजूला ठेवला आणि हात जोडले.

वर पाहिलं तर गुरुजींच्या हातात मोबाइल.

"पुन्हा जोडा," म्हणाले. "पहिला फोटो हलला."