काचेतला बादशहा

माझे सासरे गावचे पोलीस पाटील. बैठकीत देवांच्या ओळीत इंग्रज बादशहाची तसबीर होती. कचेरीने सगळ्या पाटलांना वाटलेली. पुरुष शेतात गेले की तिची काच मी पुसायची. पुसता पुसता तो चेहरा मला पाठ झाला. दाढीतल्या केसाएवढ्या बारीक रेघा, छातीवरचे बिल्ले, आपल्याकडे न बघणारे डोळे.

मालकांकडे मात्र मी कधी तसं बघितलं नाही. मोठ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून बघायची रीत नव्हती, आणि मी मुळात भित्री. ताट वाढताना त्यांचे पाय तेवढे दिसत. आमच्या खोलीत दिवा नसे.

राखीव जंगलातलं गवत बंदी मोडून कापायची चळवळ आली. एका संध्याकाळी मी दाराआड उभी होते. मालक म्हणाले, "आबा, हाऊ फोटू काढी टाका. हाऊ माणूस नही, नुसत्या तांबाना पत्रावर कोरेल रेघा."

"त्याच रेघासवर तुनी भाकर चालस."

"सारा गाव आपले हासस."

"हासू दे. साहेब नको हासाले."

मालक विळा घेऊन जंगलात गेले, तिथून धुळ्याच्या तुरुंगात. थोड्या दिवसांनी निरोप आला, तापाने फणफणलेत, बापाने साहेबाला भेटून शब्द टाकावा. सासूबाईंनी आबांचे पाय धरले. आबा म्हणाले, "तठे गऊ तं पाटीलकी जाई." त्याच दिवशी फौजदार गावात येणार होता. मला काच दोनदा पुसायला लावली. फौजदार तसबिरीकडे बघून हसला, चहा पिऊन गेला.

मालक तुरुंगातच वारले.

तेराव्याला हार घालायला त्यांचा फोटो हवा होता. देव सोडले तर घरात एकच चेहरा काचेत होता, तो बादशहाचा. मालक फोटोला कधी बसलेच नव्हते. शेवटी पाटावर त्यांचा फेटा ठेवून त्याला हार घातला. वर भिंतीवर बादशहा तसाच. पाटीलकीही राहिली.

मुलगी नंतर जन्मली. जाणती झाल्यावर एकदा तिने विचारलं, "आई, बाबा दिसायचे कसे?"

मी डोळे मिटले. दाढी आणि बिल्ले डोळ्यांपुढे आले. मग तिचे धुळीने भरलेले पाय मांडीवर घेतले. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं.

"पाय असे होते," मी म्हणाले.